खापर

भुसावळ. मे महिना. दुपारचे तीन.
दीपनगरची राख कूलरच्या गवतातून गाळून येते
तरी की-बोर्डच्या फटींत बसतेच.
नारखेडे मॅडमनी सीपीयू रिक्षातून आणला,
मांडीवर, पदराखाली झाकून,
वर एक सीडी, पाठीवर स्केच पेननं:
विटा, २००१.

चालू केलं. काळा पडदा, एक ठण्ण,
आणि करडी चौकट:
प्रोग्रॅम सुरू होऊ शकत नाही,
कारण अमुक डॉट डीएलएल
आपल्या संगणकावर नाही.

"आपल्या म्हंजे? माह्या?
एकतीस वर्षं भूमिती शिकवली, तडवी,
कंपास हरवली पोरांची, नाव माह्यं कोणी नही घेतलं."

तसं नाही, मॅडम.
समजा मांडे करायला बाई बोलावली.
ती पीठ आणते, पुरण आणते,
जायफळसुद्धा आणते पुडीत बांधून.
खापर नाही आणत.
तेव्हा घरोघरी होतं, पालथं, चुलीवर नाहीतर चुलीमागं,
मग कोण कशाला मांडीवर घेऊन एसटीत बसेल?
आता तुमच्या ओट्यावर काचेची शेगडी
आणि बाई उभी आहे
कोपरापर्यंत मांडा झुलवत.

मॅडम हसल्या. "म्हंजे खापर फोडायला
आधी खापर पाहिजे."

भाचा म्हणतो, नेटवर फुकट मिळतं.
मिळतं. सावद्याच्या एका केळीवाल्याची
तीन वर्षांची उधारी-वसुली
असल्याच एका फुकट फायलीनं गिळली.
तो अजून दुकानावरून जाताना
मान दुसरीकडे करतो.

शिडी लावली. माळ्यावर
बंद पडलेल्या क्लासचे चार सीपीयू,
एकात चिमणीचं घरटं, ते तसंच ठेवलं.
दुसरा उठलाच नाही.
तिसरा खोकला, करकरला,
पेन ड्राइव्ह दाखवला तर ओळखेना,
म्हणून त्याची डिस्कच उपसली
आणि केबल लावून माझ्याकडे जोडली.
तिथं होती ती. साडेतीनशे केबी.
तारीख माझ्या दहावीच्याही आधीची.
इतकी वर्षं तिला कुणी नावानं हाक मारली नव्हती;
सगळं चालू होतं ना, म्हणून.

विंडोजच्या पोटात नाही टाकायची.
तिथं नव्यांचा संसार आहे, भांडणं होतात.
खेळाच्याच फोल्डरात, खेळाच्या कुशीला ठेवायची,
त्याला हात लांबवून मिळेल अशी.

पुन्हा चालू. पुन्हा चौकट.
आता दुसरंच नाव.
(खापर आलं तर गोवऱ्या नाहीत.)
ती आणली. तिसरं काही आणायचं नव्हतं,
सेटिंगच्या तळाशी, यादीच्या यादीत
एका जुन्या सोयीपुढं
टिक करायची राहिली होती फक्त.
घाम मानेवरून पाठीत.
मॅडमनी माठातलं पाणी आपणच घेतलं, मलाही दिलं.

पाचव्या वेळी
निळा पडदा उघडला, विटांच्या सात ओळी,
आणि चेंडू असा सुटला
की दिसलाच नाही. खेळ संपला.
मशीन नवं, मॅडम, खेळ जुना,
त्याला वाटतं सगळे अजून हळूच चालतात.
ब्रेक लावतो थांबा.

"लाव. पण एवढा नको,"
त्या खुर्ची पुढं ओढत म्हणाल्या.
"थोडासाच लाव."

चष्मा कपाळावर, मनगट टेबलाला टेकलेलं.
कोन बघत होत्या; चेंडू नाही, कोन.
पहिली पातळी गेली. दुसरी गेली.
गिऱ्हाईक दारात चार्जर विचारून गेलं,
मी काय उत्तर दिलं आठवत नाही.
तिसरीत शेवटची एक वीट,
डाव्या कोपऱ्यातली,

आणि लाइट गेली.

कूलर हळूहळू फिरायचा थांबला.
वर माळ्यावर चिमणी.
"याच्यात सेव्ह नसतं, मॅडम."
"माहितीये."
हात माऊसवरच होता.
"किती वाजता येते तुह्याकडे?"
पाचला. कधी साडेपाचला.
"बसते मग," म्हणाल्या,
आणि पदरानं पडद्यावरची राख
एका कडेनं पुसू लागल्या.